‘घरी लक्ष द्या’ म्हणजे नेमकं काय करायचं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : औद्योगिक वसाहतीजवळच्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा अनुदानित शाळेत सातवीला, सेमी इंग्रजीत. ऑगस्टच्या घटक चाचणीत त्याला गणितात २० पैकी ६ गुण मिळाले. पालकसभेत सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, “घरी लक्ष देत नाही तुम्ही.” आई पॅकिंग विभागात कामाला जाते आणि संध्याकाळी सहाला घरी येते. तिचं शिक्षण मराठी माध्यमातून दहावीपर्यंत झालं आहे. वडिलांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. आता रोज रात्री आठ ते दहा ती मुलाला घेऊन बसते आणि रोज शेवट रडारडीत होतो. जाऊबाई म्हणतात शिकवणी लाव, नवरा म्हणतो नोकरी सोड. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ५८ पालक आहेत, पण शुभेच्छांच्या चित्रांत शाळेच्या सूचना सापडत नाहीत. शिक्षकांचा वेळ मागायला तिला संकोच वाटतो. ती विचारते, “नोकरी सोडू की शिकवणी लावू? मी जास्त शिकलेली असते तर ही वेळ आली असती का?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमची धावपळ आहे, अपराधीपणा आहे, पैशांचा हिशेब आहे. मुलाला गणितात नेमकं काय येत नाही, हे मात्र कुठेच नाही. हा तुमचा दोष नाही, कारण ते तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. ‘लक्ष द्या’ हे शब्द ऐकून पालक घाबरतो, लाजतो, घरी येऊन मुलावर ओरडतो. पण उद्या संध्याकाळी साडेसातला काय करायचं हे त्याला कळत नाही. म्हणून नोकरी आणि शिकवणी हे दोन्ही निर्णय महिनाभर बाजूला ठेवा. आजार कळण्याआधी औषध ठरवल्यासारखं होईल ते.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. लक्ष देणं म्हणजे शेजारी बसून गणितं सोडवून घेणं, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. शिक्षकही आणि नवरेही. सहावी ते आठवीच्या वयात हे फारसं खरं ठरत नाही. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अमेरिकी संशोधकांनी या वयाच्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. पालकांचा सहभाग एकूणात उपयोगी दिसला, पण गृहपाठात मदत करण्याचा मुलांच्या यशाशी संबंध उलटा दिसला. (ज्यांची मुलं मागे पडतात तेच पालक जास्त मदत करायला बसतात, हेही त्यामागे असू शकतं. म्हणून मदत केल्यामुळेच नुकसान होतं, असा अर्थ काढू नका.) सर्वांत चांगला संबंध दिसला तो शिक्षणाचं मोल मुलाशी बोलण्याचा, त्याच्याकडून काय अपेक्षा आहे ते सांगण्याचा आणि आज शिकलेलं पुढे कशाला लागणार आहे हे जोडून दाखवण्याचा. या कामांना पदवी लागत नाही. तुमची दहावी पुरेशी आहे.

आता अडचण शोधायची. त्यासाठी रविवारी एक तास काढा आणि घरी असतील तर मुलाच्या वडिलांनाही बसवा. गणिताची वही आणि चाचणीची उत्तरपत्रिका समोर घ्या. गणित येत नसलं तरी वही वाचता येते. प्रथम तारखा बघा. मध्येच आठ-दहा दिवसांची पोकळी दिसली, तर तो तेव्हा गैरहजर होता की वर्गात बसून लिहीत नव्हता, हे विचारायला हवं. मग लाल शाईचे शेरे बघा : ‘अपूर्ण’, ‘पुन्हा सोडव’. त्याखाली दुरुस्ती केलेली आहे का? शेवटी, उदाहरण कुठे तुटतं ते बघा. पहिल्याच ओळीत तुटत असेल तर प्रश्न कळलेला नाही. मांडणी बरोबर असून शेवटी आकडा चुकत असेल तर पाढे किंवा भागाकार कच्चा आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

उत्तरपत्रिकेत गेलेले १४ गुण मोजा आणि चार ढीग करा. सोडूनच दिलेले प्रश्न, अर्धवट सोडलेले, पद्धत बरोबर पण आकडेमोड चुकलेली आणि पद्धतच चुकलेली. १४ पैकी ८ गुण सोडून दिलेल्या प्रश्नांचे निघाले, तर वेळ पुरत नाही किंवा इंग्रजी प्रश्न वाचूनच तो दचकतो, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मग त्याला दोन गणितं घाला, परीक्षा आहे असं न भासवता. एक, ८६४ भागिले ७. भागाकार १२३ आणि बाकी ३ आली पाहिजे. दुसरं, १/२ + १/३. उत्तर ५/६ आहे. त्याने २/५ लिहिलं, म्हणजे वरच्यांची बेरीज वर आणि खालच्यांची खाली केली, तर तो सातवीत अडलेला नाही. पाचवी-सहावीतल्या अपूर्णांकात अडला आहे. अशा मुलाकडून सातवीचं प्रकरण दहा वेळा करून घेतलं तरी पायातली फट तशीच राहते, आणि रोज रात्रीची रडारड बहुतेक वेळा अशा फटीतूनच येते.

सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी आणखी एक तपासणी आहे आणि ती फार कमी घरांत केली जाते. बालभारतीचं सातवीचं गणिताचं पुस्तक मराठी माध्यमाचंही असतं आणि ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घेता येतं. प्रकरणं तीच, उदाहरणं तीच. इंग्रजी पुस्तकातलं न सुटलेलं शाब्दिक उदाहरण त्याला मराठी पुस्तकातून वाचायला द्या. तिथे सुटलं, तर त्याचं गणित ठीक आहे आणि भाषा आडवी येते आहे. मग वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची यादी करायची : न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, इक्वेशन म्हणजे समीकरण, परपेंडिक्युलर म्हणजे लंब. रोज चार शब्द. इथे तुमचं मराठी माध्यम कामाला येतं, कारण अंश, छेद, लंब हे शब्द तुम्ही शिकलेल्या आहात आणि त्याने ते कधी ऐकलेले नाहीत. मराठीतही सुटलं नाही, तर मागच्या इयत्तेचं पुस्तक उघडा.

एवढं हाताशी आलं की शाळेत जा. पालकसभेत विचारू नका. तिथे शिक्षक साठ घरांशी एकदम बोलत असतात आणि तुमच्या मुलाविषयी बोललेलं प्रत्येक वाक्य त्याच्या मित्रांच्या घरी पोचतं. शाळा भरताना फाटकापाशी गाठू नका, निकालाच्या दिवशीही नको. शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावरची दहा मिनिटं बहुतेक शिक्षकांना सोयीची पडतात, आणि तुम्हालाही अर्ध्या दिवसाच्या रजेत जमेल. एक गोष्ट लक्षात ठेवा, हायस्कूलच्या सातवीत गणिताला वेगळे शिक्षक असू शकतात. वर्गशिक्षिकेला हजेरी आणि वागणं माहीत असतं, अपूर्णांक कुठे तुटतो ते गणिताच्या शिक्षकांना. दोघांपैकी कुणाला भेटायचं ते आधी ठरवा. निरोप ग्रुपवर टाकू नका. डायरीत लिहा किंवा संध्याकाळी सहाच्या आत त्यांच्या नंबरवर पाठवा. मजकूर असा चालेल :

“नमस्कार बाई. मी सातवी ब मधल्या (मुलाचं नाव) ची आई. गणितात त्याचं नेमकं कुठे अडतंय ते समजून घ्यायचं आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मिळतील का? वही आणि चाचणीचा पेपर घेऊन येते. शनिवारी जमत नसेल तर तुम्ही सांगाल त्या वेळी येईन.”

या निरोपात तक्रार नाही आणि सभेतल्या प्रसंगाचा उल्लेखही नाही. तो तुम्हाला लागला, हे खरंच आहे. सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. पण पहिल्या भेटीत तो विषय काढलात तर दहाही मिनिटं त्यातच जातील. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, ओळख झाल्यावर, शांतपणे म्हणा, “बाई, काही सांगायचं असेल तर मला एकटीला बोलवा, मी नक्की येईन.”

भेटीत तीनच प्रश्न विचारा. मुलगा कोणत्या पायरीवर अडतो? अडला की वर्गात काय करतो : विचारतो, शेजाऱ्याचं उतरवतो की गप्प बसतो? आणि पुढच्या दोन आठवड्यांत मी घरी कोणती एकच गोष्ट बघू? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘सराव घ्या’ असं उत्तर आलं तर पुस्तक पुढे करा आणि विचारा, “कोणत्या पानावरचा, रोज किती उदाहरणं?” उत्तर त्यांच्यासमोरच वहीत तारखेसह लिहा आणि पुन्हा कधी येऊ तेही विचारा. शेवटची दोन-तीन मिनिटं मुलाला आत बोलवा. ठरलं ते त्याच्यासमोर ठरलं पाहिजे. घरी येऊन “बाई काय म्हणाल्या माहितेय?” अशी सुरुवात झाली की मुलगा पुढची डायरी दाखवत नाही. शाळेतून आलेला प्रत्येक निरोप घरी ओरडा आणतो हे मुलांना लवकर कळतं, आणि मग सूचना दप्तराच्या तळाशी चुरगळून राहतात. त्या ग्रुपवरून मिळत नाहीत म्हणून तुम्ही वैतागलात, पण घरातली ही वाटही बंद झाली नाही ना, ते बघा.

शिक्षकांचा वेळ मागताना संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. शिक्षण हक्क कायदा २००९ मधला आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांच्या कर्तव्यांची यादी आहे. पालकांच्या नियमित भेटी घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही आहात. त्याच कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि किमान निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. पालकसभा शिफ्टवाल्या पालकांना जमेल अशा वेळी ठेवा, गुणांची चर्चा सभेत नको, ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवून संदेश टाकण्याचा अधिकार ॲडमिनपुरता करा, या मागण्या त्या समितीतल्या पालक सदस्याकडे द्या. ग्रुपचा बदल तर फोनच्या सेटिंगमध्ये अर्ध्या मिनिटात होतो. (विनाअनुदानित खासगी शाळेतल्या वाचकांना ही समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीचे पालक प्रतिनिधी सोडतीने निवडले जातात.)

शिक्षकांच्या बाजूनेही थोडं बघू या. एका वर्गात साठ मुलं, त्यात निवडणुकीची आणि जनगणनेची कामं कायद्यानेच त्यांच्यावर येतात. प्रत्येक पालकाला लांब पत्र लिहिणं त्यांना शक्य नाही. पण लांब पत्राची गरजही नाही. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी नापास विषय उन्हाळी वर्गात भरून काढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांवर प्रयोग केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांनी पालकांना आठवड्याला फक्त एक वाक्य पाठवलं. विषय सुटू न शकलेल्यांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं, मुख्यतः मध्येच वर्ग सोडणारी मुलं टिकली म्हणून. ‘छान चाललंय’ या वाक्यापेक्षा ‘अमुक सुधारायला हवं’ हे वाक्य जास्त उपयोगी ठरलं. हा सदर वाचणाऱ्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे : ‘लक्ष द्या’ ऐवजी ‘छेद समान करताना चुकतो, पान अमुकवरची पाच उदाहरणं करून पाठवा’ एवढंच लिहा. लिहायला वेळ तेवढाच लागतो आणि घरात त्याचं कामात रूपांतर होतं.

आता रात्रीच्या दोन तासांविषयी. ते थांबवा. थकलेली आई, थकलेला मुलगा आणि न येणारं गणित रात्री दहाला एकत्र आले की भांडणच होणार. त्याऐवजी संध्याकाळी सातपासून पाऊण तास ठेवा, तुम्ही स्वयंपाकाला लागता तेव्हा. त्याला ओट्याजवळ किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी बसवा. घरातले सगळे फोन, तुमचाही, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. टीव्ही बंद, आजीची मालिका चालू असली तरी. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, दुसरा भोंगा साडेआठला. तिथे सगळं गाव एकत्र आल्याने कोणत्याही एका घराला वाईटपणा घ्यावा लागला नाही. तुमच्या चाळीतल्या किंवा गल्लीतल्या तीन-चार घरांनी ठरवलं तरी मुलाची ‘सगळे खेळतायत, मीच का बसू’ ही तक्रार बरीच कमी होईल.

त्या पाऊण तासात उत्तर बरोबर आहे का हे तुम्ही बघायचं नाही. पोळी लाटता लाटता विचारा, “यात काय दिलंय? काय काढायचंय? पहिली पायरी काय केलीस आणि का?” तुम्हाला समजलं नाही तर तसं सांगा आणि पुन्हा सांगायला लावा. समजावून सांगताना मुलाला स्वतःची चूक सापडते, आणि सापडली नाही तरी नेमका तो कुठे अडखळतो ते तुमच्या कानाला कळतं. एका उदाहरणावर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू द्यायची नाहीत. त्यानंतर तिथे पेन्सिलीने ‘इथे अडलो’ असं लिहून पुढे जायचं.

या दोन शब्दांवर मी फार भर देते आहे, ताई. तुम्ही, मोठ्या बहिणीने किंवा शिकवणीच्या सरांनी उदाहरण पूर्ण करून दिलं की वही स्वच्छ दिसते आणि वर्गातल्या शिक्षकांना वाटतं, कळलेलं आहे. शाळेला घरून खोटी बातमी जाते. अपुरं उदाहरण आणि त्याखाली ‘इथे अडलो’ ही खरी बातमी. मात्र हे शिक्षकांना पहिल्या भेटीतच सांगून ठेवा, नाहीतर त्याला ‘गृहपाठ अपूर्ण’ म्हणून उभं केलं जाईल आणि तो पुन्हा कधी तसं लिहिणार नाही.

शिकवणीचं काय? फट कळल्यावर विचार करा. वीस-पंचवीस मुलांच्या बॅचमध्ये शाळेचंच चालू प्रकरण पुन्हा शिकवणार असतील, तर पाचवी-सहावीतला अपूर्णांक तिथेही राहून जाईल. अपूर्णांक आणि भागाकार तीन महिने शिकवणारी, चार-पाच मुलांना घेऊन बसणारी कुणी मिळाली, तर पैसे खर्च करायला हरकत नाही. पहिल्या दिवशी तिला तुमचे ते चार ढीग दाखवा.

नोकरी सोडण्याच्या मी विरोधात आहे, निदान या कारणासाठी. मुलाची गरज दिवसभर घरी असणाऱ्या आईची नाही. सात ते पावणेआठ शांत असणाऱ्या घराची आणि महिन्यातून एक-दोनदा शाळेत जाणाऱ्या पालकाची आहे. पगार गेला तर घरातला ताण वाढेल आणि ‘तुझ्यासाठी मी नोकरी सोडली’ हे वाक्य कधी ना कधी त्याच्या कानावर पडेल. बारा वर्षांच्या मुलाने ते ओझं वाहू नये. शिवाय शाळेत जाणारा पालक तुम्हीच असला पाहिजे असंही नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात त्याच्या पप्पांना शनिवारी दुपार मोकळी मिळते. तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यांच्या खिशात द्या. रविवारची वही बघणं कायमचं त्यांच्याकडे सोपवा.

एक तपासणी मात्र लगेच करा. फळ्यावरचं त्याला नीट दिसतं का? वहीत फळ्यावरून उतरवलेले आकडेच चुकत असतील, म्हणजे ६ चा ८ किंवा ३ चा ५ होत असेल, तर डोळे तपासून घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांची आरोग्य तपासणी करणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. ते कधी येणार ते शाळेत विचारा, आणि लांब असेल तर थांबू नका, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. वर्गात मागे बसत असेल तर तोवर पुढच्या बाकावर बसवायला सांगा.

वेळेचाही अंदाज घेऊ. सातवीच्या श्रेणीत आकारिक मूल्यमापनाला ४० टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या, परीक्षेला ६० टक्के भारांश असतो. आकारिकमध्ये तोंडी काम, गृहपाठ, उपक्रम, चाचणी असं रोजचं सगळं येतं. म्हणजे दिवाळीआधीच्या परीक्षेत गुण एकदम वाढले नाहीत तरी रोजच्या कामातली सुधारणा प्रगतीपत्रकात दिसू शकते. त्यात कुठे कमी पडतो, हे दुसऱ्या भेटीत विचारा. पुढच्या वर्षी आठवी आहे. आपल्या राज्यात आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा देता येते, तिथेही जमलं नाही तर तो त्याच वर्गात राहतो. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. फट भरायला तुमच्या हातात दीड वर्ष आहे आणि रोजचे पाऊण तास त्याला पुरतात, म्हणून सांगते.

शिक्षक भेटलेच नाहीत, दोन निरोपांना उत्तर आलं नाही, तर आठवडाभर थांबून मुख्याध्यापकांना लेखी भेट मागा. त्यातही मागणी तीच ठेवा, तक्रार नको. मुलाला वर्गात मारलं किंवा अपमानित केलं जात असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. तिथे पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि दोन आठवडे झाले की, बाईंनी विचारण्याची वाट न बघता, तुम्हीच निरोप पाठवा : “बाई, सांगितलेली उदाहरणं दहा दिवस केली. भागाकार आता एकट्याने करतो. अपूर्णांकात छेद समान करताना अजून अडतो, वहीत खूण केली आहे. पुढे काय घेऊ?”